पालथं घेतलं की गप राहतंय

बाळ आमच्या नवजात अतिदक्षता विभागात आलं तेव्हा ३० तासांचं होतं. वजन २ किलो ६०० ग्रॅम, दिवस पूर्ण भरलेले, बाळंतपण साधं. सोबतच्या चिठ्ठीवर घाईघाईत खरडलेलं होतं: जन्मल्यावर लगेच रडलं, तासाभरात धाप लागली, फुफ्फुसात पाणी राहिलं असावं किंवा न्यूमोनिया. व्हिटॅमिन के दिलं आहे. लसी प्रकृती सुधारल्यावर द्याव्यात. ही शेवटची ओळ मी त्या वेळी वाचलीसुद्धा नाही. तिसऱ्या दिवशी पुन्हा चिठ्ठी काढून वाचली, तेव्हा ती लिहिणाऱ्या डॉक्टरांचे मनापासून आभार मानले.

वडील बरोबर नव्हते. ते महाप्याला एमआयडीसीत पाळीवर होते आणि फोन लागत नव्हता. आई अजून प्रसूतिगृहातच. बाळाला घेऊन आली होती आईची आई, वागळे इस्टेटच्या पलीकडे लोकमान्यनगरात राहणारी, पोळीभाजीचे डबे करणारी बाई. जुलैचा पाऊस, पदर निथळत होता. रुग्णवाहिकेत तिने बाळाला डाव्या हातावर पालथं घेतलं होतं आणि उजव्या हाताने ऑक्सिजनची नळी नाकाशी धरली होती. सिस्टरने बाळ घेऊन वॉर्मरवर उताणं ठेवलं, तशी ती म्हणाली, “डॉक्टर, पालथं घेतलं की गप राहतंय बघा. उताणं केलं की घरघरतंय.”

रेसिडेंटने केसपेपरवर लिहिलं, ‘श्वासाचा आवाज येतो.’ पालथं, उताणं हे काही कागदावर आलं नाही. मीही तिथेच उभा होतो, माझ्याही कानावरून ते गेलं. हे प्रकरण लिहायला घेतलं ते मुख्यतः त्या गळलेल्या शब्दांसाठी. कुटुंबाची ओळख पटेल असं काही इथे दिलेलं नाही.

पहिली रात्र

बाळ निळसर होतं. सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण, हातावर ८४ टक्के, पायावरही ८४. मिनिटाला ७० श्वास. पण ही न्यूमोनियाची धाप नव्हती. न्यूमोनियात बाळ श्वास आत ओढायला झगडतं. इथे श्वास आत जात होता, बाहेर पडताना अडत होता. दम्याच्या माणसाची छाती भरून फुगलेली राहते ना, तशी ३० तासांच्या बाळाची छाती फुगली होती.

स्टेथोस्कोप ठेवला आणि चुकीच्या खोलीत आल्यासारखं वाटलं. नवजात बाळाच्या हृदयातला जादा आवाज बहुतेक वेळा एकेरी असतो, ठोक्याबरोबर एक हुश्श. इथे आवाज जाताना वेगळा होता आणि येतानाही वेगळा, मध्ये क्षणभराची फट. लाकडावर करवत पुढे-मागे चालावी तसा. पुस्तकात या आवाजाला करवतीचीच उपमा दिलेली आहे आणि विद्यार्थी असताना ती मला उगाच ओढूनताणून आणलेली वाटायची.

एक्स-रेमध्ये उजवं फुफ्फुस काळंभोर, हवा साठून फुगलेलं, हृदय डावीकडे ढकललेलं. फुफ्फुसांच्या मुळाशी गोल, जाड सावल्या. एवढं मी पाहिलं. छातीच्या वरच्या भागात जे असायला हवं होतं आणि नव्हतं, ते मात्र पाहिलं नाही. त्यावर पुढे येतोच.

निळ्या नवजात बाळाला प्रोस्टाग्लँडिन सुरू करायचं हे आम्हाला अगदी हाडीमासी भिनवलेलं असतं. फुफ्फुसाकडे रक्त नेणारी मुख्य वाट अरुंद असेल, तर जन्माआधीपासूनची एक जोडवाहिनी उघडी ठेवावी लागते. हे औषध ती उघडी ठेवतं. सिरिंज भरून तयार होती. बालहृदयतज्ज्ञांना फोनवर त्या दुहेरी आवाजाचं वर्णन केलं, तर त्या म्हणाल्या, “तासभर थांब. मी मशीन घेऊन येते.” थांबलो. नाडी चांगली होती, रक्तात आम्ल साठलेलं नव्हतं, म्हणून थांबता आलं. इकोची, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीची, सोय जवळपास नसलेल्या गावात मी असतो, तर औषध सुरूच केलं असतं आणि ते चूक ठरलं नसतं. पण या औषधाने बाळाचा श्वास मध्येच थांबू शकतो, आणि या बाळाला त्याचा फायदा तर काहीच होणार नव्हता. कारण ती जोडवाहिनी या बाळात मुळातच तयार झालेली नव्हती.

चौकट आहे, दार नाही

रात्री साडेदहाला इको झाला. टेट्रालॉजी ऑफ फॅलो, म्हणजे खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला मोठं भोक आणि त्या भोकावर स्वार झालेली महाधमनी. महाधमनीची कमान डावीऐवजी उजवीकडून वळलेली. आणि उजव्या कप्प्यातून फुफ्फुसाकडे जाणाऱ्या वाटेवर जिथे तीन पाकळ्यांची पल्मनरी झडप असते, तिथे पाकळ्यांच्या जागी नुसते दोन कोंब. झडपेचं कडं ५ मिलिमीटरचं, अरुंद. त्याच्या पुढे उजवी फुफ्फुसधमनी १४ मिलिमीटर आणि डावी १२. या वयात त्या ४-५ मिलिमीटरच्या असतात.

टेट्रालॉजी आम्हाला वरचेवर भेटते. तिच्यातला हा झडपच नसलेला प्रकार मात्र शंभरात तीन ते सहा बाळांमध्ये दिसतो. नॉर्मन चेव्हर्स या इंग्रज डॉक्टरने १८४७ साली त्याचं वर्णन केलं. हेच चेव्हर्स लगेच पुढे हिंदुस्थानात आले आणि कलकत्ता मेडिकल कॉलेजचे प्राचार्य झाले. इथल्या न्यायवैद्यकावरच्या त्यांच्या ग्रंथाची आठवण अजून निघते. झडपेचं वर्णन मात्र ते विलायत सोडण्याआधीचं.

वडील मध्यरात्री पोचले. त्यांना मी कागदावर चौकट काढून समजावलं. साध्या टेट्रालॉजीत दार अरुंद असतं. इथे चौकट अरुंद आहे आणि दार नाहीच. उजवा कप्पा रक्त पुढे ढकलतो, त्यातलं बरंचसं लगेच मागे येतं. पुढच्या ठोक्याला कप्प्यात जादा रक्त, म्हणून तो आणखी जोराने ढकलतो. हा हिसका फुफ्फुसधमन्यांना आईच्या पोटात असल्यापासून बसतोय. धमन्या ताणून ताणून फुग्यासारख्या झाल्या. जोडवाहिनी असती तर थोडा दाब तिकडून निघून गेला असता, तीही नाही.

“मग धाप कशाची?” त्यांनी विचारलं. अगदी नेमका प्रश्न. हृदयाचं दुखणं, मग श्वास का घरघरतो?

फुगलेल्या धमन्यांना लागूनच श्वासनलिकेच्या फांद्या असतात, आणि नवजात बाळात त्या मऊ असतात. धमन्या त्यांच्यावर रेलतात. श्वास आत घेताना फांद्या थोड्या उघडतात, सोडताना मिटतात, आत गेलेली हवा अडकते. शिवाय फुफ्फुसाच्या आत बारीक धमन्याही नीट फांद्या न फुटता झुबक्याझुबक्याने वाढलेल्या असतात आणि त्या सर्वांत लहान श्वासनळ्यांना आवळतात. म्हणून नुसती वरची नळी मोकळी करून भागत नाही. या आजारातलं बाळ दगावतं ते बऱ्याचदा हृदयापायी नव्हे, श्वासापायी.

हे सगळं मी सांगत होतो आणि आमच्या रात्रपाळीच्या सिस्टर मागे उभ्या राहून ऐकत होत्या. त्या मधेच म्हणाल्या, “सर, मग पालथं करायचं का? आजी तेच म्हणत होत्या.”

उताण्या बाळात त्या जड धमन्या पाठीकडे, थेट श्वासनलिकांवर पडतात. पालथं केलं की त्या पुढे, छातीच्या हाडाकडे झुकतात. या आजारातला पहिला उपचार हाच, आणि तो पुस्तकात आहे. आजी तो सात तासांपूर्वी सांगून गेली होती. बाळाला पालथं केलं, नाकातून सी-पॅपचा, म्हणजे श्वासनलिका उघड्या ठेवणारा हवेचा सलग दाब लावला. वीस मिनिटांत श्वास ७० वरून ५२ वर, सॅच्युरेशन ९०. घरघर राहिली, पण शेजारच्या खाटेपर्यंत ऐकू येत होती ती आता कान देऊन ऐकावी लागत होती.

(घरी हे वाचणाऱ्या आईवडिलांसाठी: धडधाकट तान्ह्या बाळाला उताणंच झोपवायचं. पालथं झोपवणं धोक्याचं असतं. हे बाळ अतिदक्षता विभागात, मॉनिटर लावलेलं होतं.)

आईचे कागद वडिलांनी दुसऱ्या दिवशी घणसोलीच्या घरून आणले. विसाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत लिहिलेलं: ‘बाळाच्या स्थितीमुळे हृदयातून निघणाऱ्या वाहिन्या नीट दिसल्या नाहीत, दोन आठवड्यांनी पुन्हा यावे.’ पुन्हा जाणं झालं नाही. सातव्या महिन्यात ती बाळंतपणासाठी माहेरी ठाण्याला आली. बत्तिसाव्या आठवड्यात ‘गर्भजल जास्त’ असा शेरा, साखर तपासली, ती नॉर्मल, विषय संपला. पोटातलं बाळ गर्भजल गिळत असतं. छातीतल्या फुगलेल्या धमन्यांनी अन्ननलिका दाबली की त्याला गिळता येत नाही आणि पाणी साठतं. दोन्ही शेरे एकत्र वाचले असते तर गर्भाचा इको झाला असता. पण एक कागद घणसोलीला, एक ठाण्याला. माहेरपणाच्या बाळंतपणात कागद असे वाटले जातात, हे मी अनेकदा पाहिलंय. दर वेळी कोणाला बोल लावायचा ते कळत नाही.

चिठ्ठीवरचा आकडा

आता आमची चूक.

तिसऱ्या दिवशी पहाटे बाळ थरथरायला लागलं. ड्युटीवरच्या डॉक्टरला वाटलं, भूक लागली असेल, कारण दूध बंद होतं आणि सलाइन चालू. साखर तपासली, ७२. अर्ध्या तासाने डावा हात आणि डावा पाय झटके देऊ लागले, श्वास थांबला, बाळ काळंनिळं पडलं. नळी घालून व्हेंटिलेटरवर घ्यावं लागलं.

रक्तातले वायू तपासायची आमच्या युनिटमधली छोटी मशीन दर वेळी एक चिठ्ठी छापते. वर आम्लता, कार्बन डायऑक्साइड, ऑक्सिजन. खाली बारीक अक्षरात सोडियम, पोटॅशियम आणि मुक्त कॅल्शियम. बाळ आल्यापासून अशा पाच चिठ्ठ्या निघाल्या होत्या. पहिल्या चिठ्ठीवर कॅल्शियम ०.८६ होतं, पाचवीवर ०.७१. एकच्या खाली म्हणजे कमी. पाचही चिठ्ठ्या केसपेपरला नीट टाचलेल्या होत्या, प्रत्येकीवर कोणाची ना कोणाची सही होती, त्यांतल्या दोन माझ्या. आम्ही सगळे वरच्या तीन ओळी वाचत होतो.

दहा टक्के कॅल्शियम ग्लुकोनेट, किलोला २ मिलिलिटर, तेवढ्याच पाण्यात मिसळून, दहा मिनिटं घड्याळ लावून, हृदयाच्या ठोक्यांवर नजर ठेवून. हे औषध हाताच्या शिरेतून बाहेर झिरपलं तर कातडी भाजते, म्हणून नाळेतल्या शिरेतून दिलं, नळीचं टोक जागेवर आहे हे एक्स-रेत पाहून. झटके थांबले. एकूण कॅल्शियमचं माप वेगळं असतं, त्याचा रिपोर्ट आला ५.९, तोही कमीच. मॅग्नेशियम ठीक. रक्तातलं कॅल्शियम सांभाळणारं पॅराथायरॉइड ग्रंथींचं संप्रेरक ९. कॅल्शियम इतकं खाली गेलं की हे संप्रेरक उसळून वर यायला हवं. ते जागचं हललंच नव्हतं.

मग मी तो पहिल्या रात्रीचा एक्स-रे पुन्हा लावला. नवजात बाळाच्या छातीत वरच्या बाजूला थायमस या रोगप्रतिकारक पेशी घडवणाऱ्या ग्रंथीची रुंद सावली असते, कधी कधी होडीच्या शिडासारखी दिसणारी. इथे ती जागा रिकामी, मधला पट्टा अगदी चिंचोळा.

झडप नाही, कमान उजवीकडे, पॅराथायरॉइड मंद, थायमस दिसत नाही. गर्भात गळ्याजवळच्या एकाच पट्ट्यातून या सगळ्यांची घडण होते. फिलाडेल्फियाचे बालरोगतज्ज्ञ अँजेलो डीजॉर्ज यांनी १९६५ मध्ये थायमस आणि पॅराथायरॉइड दोन्ही नसलेल्या बाळांकडे लक्ष वेधलं. पुढे वाचातज्ज्ञ श्प्रिंट्झेन यांनी १९७८ मध्ये नाकातला आवाज, टाळू आणि हृदयदोष असं एक वेगळं वाटणारं चित्र मांडलं. नव्वदच्या दशकात कळलं की बहुतेक वेळा दोन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: बाविसाव्या गुणसूत्राच्या लांब भुजेवरचा एक छोटा तुकडा गहाळ. २२क्यू११.२ डिलीशन. साधारण चार हजार जन्मांत एक. त्या तुकड्यावर चाळीसेक जनुकं आहेत, त्यांतलं टीबीएक्स१ हृदयाच्या घडणीसाठी महत्त्वाचं. नेहमीच्या गुणसूत्र-तपासणीत इतका छोटा तुकडा दिसत नाही, त्याला फिश, एमएलपीए किंवा मायक्रोअरे अशी खास जनुकीय तपासणी लागते. पल्मनरी झडप नसलेल्या बाळांपैकी चारातल्या एकात तरी हे डिलीशन सापडतं. म्हणजे पहिल्या रात्री इको झाला त्याच क्षणी मला कॅल्शियम आठवायला हवं होतं.

एमएलपीएसाठी रक्त पाठवलं. रिपोर्टला आठवडा लागणार होता. तोवर डिलीशन आहे असंच धरून चालायचं ठरलं, कारण ते धरलं की रोजच्या कामातल्या बऱ्याच गोष्टी बदलतात. थायमस नसेल तर जंतूंशी लढणाऱ्या टी-पेशी कमी, म्हणजे जिवंत जंतूंच्या लसी घातक ठरू शकतात. आपल्याकडे जन्मल्याबरोबर बीसीजी टोचतात आणि पोलिओचे थेंब पाजतात. दोन्ही जिवंत. म्हणून त्या चिठ्ठीतल्या शेवटच्या ओळीचे आभार. त्या डॉक्टरांना डिलीशनची कल्पना नव्हती, त्यांनी फक्त आजारी बाळाला लस देण्याची घाई केली नाही. खाटेवर लाल अक्षरात पाटी लावली: बीसीजी नाही, पोलिओ थेंब नाहीत.

रक्ताचंही तसंच. दात्याच्या रक्तातल्या जिवंत लिम्फोसाइट, म्हणजे एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी, अशा बाळाच्या शरीरात रुजू शकतात आणि त्याच्याच अवयवांवर उलटू शकतात. रक्त आधी किरणोत्साराने निर्धोक करून घ्यावं लागतं. ते यंत्र प्रत्येक रक्तपेढीत नसतं. शस्त्रक्रिया ठरायच्या आधीच आमच्या समाजसेविका ताईंनी फोन करून करून एक पेढी शोधून ठेवली. आणखी एक: साठवलेल्या रक्तातलं सायट्रेट कॅल्शियम बांधून टाकतं, त्यामुळे आधीच कमी असलेलं कॅल्शियम रक्त देताना आणखी कोसळतं. हे शस्त्रक्रियेच्या टीमला लेखी कळवलं, आणि तोंडीही सांगितलं. टाचलेल्या कागदांवरचा माझा भरवसा तेव्हा जरा कमी झाला होता.

व्हेंटिलेटरवर असं बाळ सांभाळणं नेहमीपेक्षा उलटं असतं. कार्बन डायऑक्साइड वाढला की हात आपोआप श्वासांची गती वाढवायला जातो. इथे गती वाढवली की हवा बाहेर पडायला वेळ मिळत नाही, छाती आणखी फुगते, कार्बन डायऑक्साइड आणखी वाढतो. गती कमी, श्वास सोडायला भरपूर वेळ, आणि श्वासनलिका मिटू नयेत म्हणून श्वास सोडून झाल्यावरही आत राखायचा दाब जास्त, आमच्याकडे ९. बाळ पालथंच. पाचवीच्या रात्री आजी घरी जाऊन पाटा-वरवंटा पूजून आली आणि सकाळी सात वाजता डब्यांची कामं उरकून पुन्हा दाराशी हजर झाली. तोपर्यंत सिस्टर तिला विचारल्याशिवाय बाळाची कूस बदलत नव्हत्या. गमतीने, पण अगदीच गमतीने नाही.

ऐरोलीच्या पुलावरून

नळी काढायचे दोन प्रयत्न फसले. आता शस्त्रक्रियेला पर्याय नव्हता. नवजात बाळांच्या हृदयशस्त्रक्रिया करणारं नवी मुंबईतलं एक केंद्र बाळाला घ्यायला तयार झालं. पैशांची सोय महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेतून आणि उरलेली धर्मादाय निधीतून झाली. ती जुळवाजुळव ही वेगळीच कहाणी आहे, इथे नको.

सहाव्या दिवशी निघायचं, तर सकाळपासून पाऊस. कळव्याहून विटाव्याच्या भुयारी मार्गाने जायचा रस्ता जवळचा, पण तिथे पाणी तुंबल्याची बातमी आली. मग पूर्व द्रुतगती महामार्गाने मुलुंड आणि ऐरोलीच्या पुलावरून ठाणे-बेलापूर रस्त्याला लागायचं ठरलं. निघताना रुग्णवाहिकेतल्या तंत्रज्ञाने नियमाप्रमाणे बाळाला उताणं बांधलं. सॅच्युरेशन ६२. पुन्हा पालथं केलं, ८८. नळी लावलेलं बाळ पालथं नेणं कोणालाच आवडत नाही, कारण नळी निसटली तर हाताशी काही उरत नाही. सिस्टरनी नळी दोनदा चिकटवली आणि पूर्ण प्रवासभर स्वतःच्या दोन बोटांनी ओठाशी धरून ठेवली. ऐरोलीच्या पुलावर खाडीचा वारा आणि पावसाचे सपकारे, गाडी डुलत होती. त्यांनी बाहेर एकदाही पाहिलं नाही. पोचल्यावर त्यांची बोटं सरळ होईनात.

शस्त्रक्रिया तेराव्या दिवशी झाली. भोकावर ठिगळ, अरुंद चौकट रुंद केली, कृत्रिम पटलाची एक पाकळी शिवून तात्पुरतं दार बसवलं. फुगलेल्या धमन्यांचा जादा भाग कापून त्या लहान केल्या आणि महाधमनीच्या मागून काढून पुढे आणल्या, म्हणजे श्वासनलिकांवरचा भार उतरला. सर्जननी छाती उघडल्यावर थायमस शोधला. नेहमीच्या जागी नव्हता. एमएलपीएचा रिपोर्ट त्याच्या दोन दिवस आधी आला होता: नेहमीचं, मोठ्या आकाराचं डिलीशन. टी-पेशी ११००, या वयात अडीच हजारांच्या वर हव्यात. कमी, पण अगदीच शून्य नव्हे. पूर्ण थायमसविरहित बाळं फार थोडी असतात, हे त्यांतलं नव्हतं.

व्हेंटिलेटर सुटायला अकरा दिवस लागले. भार उतरला तरी महिनोन्‌महिने दाबलेल्या श्वासनलिका लगेच ताठ होत नाहीत, हे नातेवाइकांना आधीच सांगून ठेवलेलं बरं. नाहीतर शस्त्रक्रिया होऊनही घरघर का, या प्रश्नाला रोज उत्तर द्यावं लागतं.

आजीचं दुसरं वाक्य

पाचव्या आठवड्यात बाळ परत आमच्याकडे आलं, दूध शिकायला आणि ऑक्सिजन उतरवायला. आता आई पूर्ण वेळ जवळ होती. वाटी-चमच्याने दूध पाजलं की थोडं नाकातून बाहेर यायचं. टाळू वरवर पाहता शाबूत होता, पण त्याची हालचाल ढिली होती. या डिलीशनमध्ये हे नेहमीचं.

आई घाबरली. आजी नाही घाबरली. बाळाचं नाक पुसत म्हणाली, “हिच्याबी नाकातनं दूध यायचं. वर्षाची होईस्तोवर.”

या वेळी मी ऐकलं. आई बोलायची ते नाकातून, हे पहिल्या भेटीपासून माझ्या कानावर होतं. मुंबईच्या पावसात निम्मं ठाणं नाकातून बोलतं, असं म्हणून सोडून दिलं होतं. जनुकतज्ज्ञांनी आईवडिलांचं रक्त मागितलं होतं. पण बाळाचा खर्च आधी, म्हणून ते मागे पडलं होतं, आणि आम्हीही रेटलं नव्हतं, कारण दहातल्या नऊ बाळांमध्ये हे डिलीशन नव्याने उद्भवतं, घरातून येत नाही. आता लगेच पाठवलं. वडील नॉर्मल. आईला तेच डिलीशन, तेवढंच.

तेवढाच तुकडा गहाळ, आणि मुलीला झडप नाही, थायमस नाही. आईला नाकातला आवाज आणि सातवीत सुटलेली शाळा. “डोकं चालत नाही म्हणायचे,” ती म्हणाली. तिच्या हृदयाचा इको केला: बाकी सगळं ठीक, फक्त महाधमनीची कमान उजवीकडून. तिला कधी काही त्रास झाला नव्हता. डिलीशनच्या आकारावरून आजाराची तीव्रता सांगता येत नाही, हे वाक्य मी वर्गात शिकवतो. त्या दिवशी ते समोर दोन खुर्च्यांवर बसलं होतं.

हा रिपोर्ट आधी कोणाला सांगायचा, यावर आमच्यात मतभेद झाले. रेसिडेंटचं म्हणणं, नवरा-बायकोला एकत्र बसवून सांगावं. मला ते पटलं नाही. रक्त तिचं, रिपोर्ट तिचा. तिला एकटीला बसवून सांगितलं, दाराची कडी लावून. तिने बराच वेळ काही विचारलं नाही. मग म्हणाली, “पाटणला सासूबाईंना सांगावं लागेल का?” म्हटलं, नाही. कागद तुमच्या हातात देतो, कोणाला दाखवायचा ते तुम्ही ठरवा. दोन दिवसांनी ती स्वतःच नवऱ्याला घेऊन आली. त्यांनी एकच विचारलं, “पुढच्या वेळी?”

पुढच्या प्रत्येक गरोदरपणात निम्मी शक्यता. अकरा ते तेरा आठवड्यांत वारेचा तुकडा घेऊन किंवा सोळा आठवड्यांनंतर गर्भजल घेऊन तपासणी होऊ शकते. पण डिलीशन आलं म्हणजे झडप नसेलच असं नाही. हृदय पूर्ण नॉर्मलही असू शकतं, म्हणून अठरा-वीस आठवड्यांत गर्भाचा इको. गर्भात गंभीर व्यंग दिसलं तर २०२१ च्या कायदादुरुस्तीनंतर २४ आठवड्यांपुढेही वैद्यकीय मंडळासमोर जाता येतं. हे सगळं सांगितलं, काय करावं ते सांगितलं नाही. त्यांनी जनुकतज्ज्ञांची तारीख घेतली.

आईचं कॅल्शियमही तपासलं होतं. ७.६, कमी. हातापायाला मुंग्या येतात का विचारलं तर म्हणाली, येतात, बाळंतपणाआधीपासून येतात. तिला वाटायचं, सगळ्यांनाच येत असतील. सरकारी दवाखान्यातून मिळालेल्या कॅल्शियमच्या गोळ्या तिने मोठ्या आहेत, घशात अडकतात म्हणून डब्यात ठेवून दिल्या होत्या. गिळायला त्रास, हेही त्याच यादीतलं. तिला हार्मोनतज्ज्ञांकडे पाठवलं, चघळायच्या गोळ्या आणि व्हिटॅमिन डीचा सक्रिय प्रकार सुरू झाला.

मुलगी आता १४ महिन्यांची आहे. बारसं तिसऱ्या महिन्यात झालं. वजन कमी, पण तिच्या रेषेवर चढतंय. शिवलेली पाकळी आता फारसं काम करत नाही, हे अपेक्षितच होतं. उजवा कप्पा किती ताणतो ते दर सहा महिन्यांनी पाहायचं, आणि कधीतरी खऱ्या झडपेसाठी पुन्हा शस्त्रक्रिया. पोलिओची लस टोचून दिली, रोटाव्हायरसची दिली नाही. टी-पेशी वाढल्यावर प्रतिकारशक्तीच्या तज्ज्ञांना विचारून गोवर-रुबेलाची दिली. बीसीजी अजून नाही, आणि त्यासाठी आशाताई दोनदा घरी येऊन गेल्यावर आम्ही मराठीत एक पत्र लिहून दिलं, ते आईने लॅमिनेट करून घेतलंय. बोलणं अजून सुरू झालेलं नाही. त्यासाठी स्पीच थेरपिस्ट सुरू आहेत, आणि आई त्या सत्रांना स्वतःही बसते.

मागच्या भेटीत आजी आली होती. म्हटलं, आता उताणी झोपली तरी काही होत नाही, श्वासनलिका ताठ झाल्यात. “मी कुठं झोपवते?” आजी म्हणाली. “उताणी ठेवली की आपली आपणच पालथी होतेय.”